पावसाळा लागला की जॉइंट एक्स-रेमध्ये नापास का होतात? (गॅसच्या टाक्या आणि पाइपलाइन)

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. मी जळगावच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन कारखान्यात वेल्डिंग सुपरवायझर आहे. आमच्याकडे एलपीजीच्या आडव्या टाक्या, म्हणजे बुलेट, आणि गॅसच्या पाइपलाइनसाठी लागणारे स्पूल, म्हणजे कारखान्यातच जोडून ठेवलेले पाइपचे भाग, तयार होतात. टाकीचे लांब जोड सबमर्ज्ड आर्कने, म्हणजे फ्लक्स नावाच्या दाणेदार भुकटीखाली आर्क ठेवून, होतात. स्पूलमध्ये रूट, म्हणजे जोडाचा सर्वांत आतला पहिला थर, ६०१० रॉडने घालतो आणि वरचे थर ७०१८ ने भरतो. उन्हाळाभर काम व्यवस्थित चालले होते, परंतु मृगाचा पाऊस पडल्यापासून एक्स-रेत नापास होणारे जॉइंट एकदम वाढले आहेत. बहुतेक ठिकाणी छिद्रे दिसतात, तर काही स्पूलमध्ये रूट नीट जुळलेला दिसत नाही. वेल्डर तेच आहेत, मशीन तीच आहेत आणि रॉडची कंपनीही तीच आहे, तरीही सगळा दोष वेल्डरच्या हातावर टाकला जात आहे आणि त्यांच्या मजुरीतून रिपेअरचा खर्च कापण्याची भाषा सुरू झाली आहे. मला हे पटत नाही. अशा दोषांची कारणे नेमकी कशी शोधावीत आणि त्यांची जबाबदारी कोणाकोणाची असते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

दीपनगरी
गिरणाकाठ भाऊ, मी भुसावळचा. नोकरीची सगळी वर्षे बॉयलरच्या प्रेशर पार्टच्या वेल्डिंगमध्ये काढली. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ‘पाऊस’ या शब्दातच आहे. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड आहे, परंतु त्याचे लेपन हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात उघड्या बरणीतले मीठ जसे पाझरते, तशीच त्याची गत होते, मात्र रॉडचा ओलावा डोळ्यांना दिसत नाही. पाकीट फोडल्यानंतर रॉड १२० अंशांच्या वर राखलेल्या ओव्हनमध्येच असला पाहिजे आणि साधा ७०१८ बाहेर काढल्यावर चार तासांत वापरला गेला पाहिजे. ओलावा धरलेला रॉड पुन्हा भाजायचा असेल तर २६० ते ४३० अंशांच्या दरम्यान किमान दोन तास लागतात, तेही रॉडच्या उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे. आता तुमच्याकडे प्रत्यक्षात काय चालते ते पाहा. सकाळी रॉडचे बंडल वेल्डरच्या हातात दिले जाते आणि ते संध्याकाळपर्यंत त्याच्या बाजूला उघडे पडलेले असते का?

नरडाणा_रोड
मी ठेकेदार आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. ओव्हन, हीटर, तंबू हे सगळे दिल्यानंतरही जॉइंट नापास होतात, कारण आजचा नवीन मुलगा ६जीची, म्हणजे तिरक्या धरलेल्या पाइपवरची, टेस्ट पास झाला की स्वतःला पूर्ण तयार समजतो. टेस्ट कूपनवर तो अर्धा दिवस घेतो आणि कामावर मात्र घाई करतो. दोष हवामानाचा असेलही, परंतु रॉडचा कोन, आर्कची लांबी आणि हाताचा वेग हे वेल्डरच्याच ताब्यात असते. ७०१८ चा आर्क लांब धरला की रॉड कितीही कोरडा असला तरी छिद्रे पडतात. हे खोटे आहे का?

तापीतीर
नरडाणा दादा, तुमचे म्हणणे अर्धे खरे आहे. मी मूळची नंदुरबारची. धातुशास्त्र शिकले आणि आता सुरतेकडे दाबपात्रांच्या तपासणीत काम करते. आर्कच्या लांबीबद्दल तुम्ही लिहिलेत ते बरोबर आहे, परंतु नवा मुलगा घाई का करतो, याचाही विचार करावा लागेल. आपल्याकडे पाइपचे दर इंच-डायावर, म्हणजे जोडलेल्या पाइपच्या व्यासाच्या इंचांवर, ठरतात. जितके इंच तितके पैसे मिळणार असतील, तर रूट स्वच्छ करायला लागणारी पाच मिनिटे त्या मुलाच्याच खिशातून जातात. दोन थरांमधला स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपनाची थिजलेली खपली, ग्राइंडरने पूर्ण काढला नाही तर तो आतच अडकतो, आणि फिल्मवर त्याची लांबट रेघ उमटते. दराची ही रचना ठेकेदार ठरवतो, वेल्डर ठरवत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. गिरणाकाठ भाऊ, कारण शोधायला सुरुवात फिल्मपासून करा. ‘पोरॉसिटी’, म्हणजे छिद्रे, एवढाच शेरा पाहून थांबू नका. छिद्रे कुठे आहेत आणि कशा मांडणीत आहेत, हे पाहा. रॉड सुरू केला त्या जागी छिद्रांचा पुंजका असेल, तर ओला रॉड किंवा लांब आर्क हे कारण बहुधा निघते. रूटमध्ये एका ओळीत छिद्रे असतील, तर बेव्हलवरचा, म्हणजे पाइपच्या तिरक्या कापलेल्या कडेवरचा, गंज, तेल, रंग किंवा पाइपच्या आतला ओलावा तपासा. अळीने पोखरल्यासारख्या लांबट पोकळ्या दिसल्या, तर धातू थिजत असताना खालून सतत वायू येत होता असे समजा, आणि तो रंगातून, जस्ताच्या थरातून किंवा बंद पोकळीतून येतो. टाकीच्या लांब जोडात छिद्रे येत असतील, तर वेल्डरपेक्षा आधी फ्लक्सचे पोते पाहा. सबमर्ज्ड आर्कचा फ्लक्सही ओला होतो आणि तोही भाजावा लागतो. पुन्हा वापरायला गोळा केलेल्या फ्लक्समध्ये मिलस्केल, म्हणजे पोलादावरची काळी खपली, आणि धूळ मिसळलेली असेल, तर तो भाजूनही उपयोग होत नाही.

पांझरा
मी धुळ्याचा. एक्स-रे पार्टीबरोबर काम करतो, आमच्याकडे इरिडियम-१९२ चा, म्हणजे एक्स-रेसारखेच भेदक गॅमा किरण देणाऱ्या पदार्थाचा, स्रोत असतो. तापीतीर ताईंनी फिल्म वाचण्याबद्दल लिहिले त्यात एक भर घालतो, कारण त्याबद्दल कारखान्यांमध्ये फार मोठा गैरसमज आहे. एक्स-रे पास झाला म्हणजे जॉइंट निर्दोष आहे, असे नसते. छिद्र किंवा स्लॅग ही आकारमान असलेली गोष्ट आहे, त्यामुळे ती फिल्मवर लगेच दिसते. परंतु कडेची भिंत न वितळता नुसती चिकटली असेल, किंवा बारीक तडा असेल आणि तो किरणांच्या दिशेत नसेल, तर फिल्म स्वच्छ निघू शकते. असे सपाट दोष अल्ट्रासॉनिकने जास्त चांगले सापडतात. धोक्याच्या दृष्टीने पाहिले तर गोल छिद्रापेक्षा तडा आणि न जुळलेली कड हे कितीतरी जास्त घातक असतात, कारण त्यांची टोके धारदार असतात आणि दाब कमी-जास्त होत राहिला की ती पुढे सरकतात. एपीआय ११०४ या पाइपलाइन वेल्डिंगच्या अमेरिकी मानकातही हाच विचार दिसतो. सुट्ट्या छिद्राला ३ मिलिमीटरपर्यंत किंवा जाडीच्या २५ टक्क्यांपर्यंत, यांतले जे कमी असेल तितकी, सवलत मिळते. तड्याला मात्र क्रेटरमधला, म्हणजे वेल्ड संपतो तिथल्या खळग्यातला, ४ मिलिमीटरपर्यंतचा उथळ तडा सोडल्यास काहीही सवलत नाही.

केळीचे_बन
मी या व्यवसायातली नाही, शिक्षिका आहे, परंतु धागा मनापासून वाचत आहे. आमच्या कॉलनीत घरगुती नळगॅससाठी रस्ता खोदून प्लास्टिकची पाइप टाकत आहेत. तिच्यात तर लोखंडाचे वेल्डिंग नाही. मग तिथे असे दोष नसतात, असे समजावे का?

पाइपमळा
ताई, तिथेही जोड असतात आणि त्यांच्यातही दोष राहू शकतात. मी जळगावात प्लास्टिक पाइपच्या धंद्यात आहे, म्हणून थोडे सांगतो. शहरापर्यंत गॅस पोलादी पाइपमधून जास्त दाबाने येतो. वस्तीत तो साधारण ४ बारवर पॉलिइथिलीनच्या पाइपमधून फिरवला जातो आणि तुमच्या शेगडीपर्यंत पोहोचताना दाब २१ मिलिबारवर आणलेला असतो. या पाइप आयएस १४८८५ या मानकाच्या असतात. पीई ८० पिवळी आणि पीई १०० नारिंगी असते. त्यांचे जोड विजेची तार गुंफलेल्या कपलरने वितळवून होतात.

इथला मुख्य दोष असा की पाइपच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिडाइज झालेला पातळ थर खरवडून काढला नाही, तर दोन्ही प्लास्टिके नुसती चिकटतात, एकजीव होत नाहीत. आपल्या उन्हात पाइपचे गुंडाळे रस्त्याच्या कडेला पडून असतात, त्यामुळे खरवडणे अधिकच आवश्यक ठरते. खरवडल्यानंतर त्यावर हात लागला, घाम पडला किंवा काळ्या मातीची धूळ बसली, तरी जोड बिघडतो. त्यातही काळजीची बाब ही की असा जोड त्या दिवशीच्या दाबाच्या चाचणीत पास होऊ शकतो, आणि कपलरवरचे दोन दर्शक वर आले म्हणून आतला जोड पक्का झाला असेही सिद्ध होत नाही. त्यासाठी खरवडणे, पुसणे, क्लॅम्पमध्ये सरळ धरणे आणि थंड होईपर्यंत हात न लावणे, या चार गोष्टी समोर उभे राहून पाहाव्या लागतात. तुमच्या कॉलनीत काम चालू असताना खरवडल्याची पिवळी किंवा नारिंगी साल खड्ड्याजवळ पडलेली दिसते का, एवढे जरी पाहिले तरी बरेच कळते.

केळीचे_बन
धन्यवाद. उद्या शाळेतून येताना नक्की पाहते.

सातपुडा_घाट
गॅसचा एक मोठा अपघात वेल्डिंगच्या दोषामुळेच झाला होता ना? अमेरिकेत क्लीव्हलंडला १९४४ साली नैसर्गिक वायूची टाकी फुटली होती.

तापीतीर
सातपुडा भाऊ, तो अपघात २० ऑक्टोबर १९४४ चा. त्यात सुमारे १३० माणसे गेली, परंतु तिथे मुख्य दोष पोलादाच्या निवडीचा होता. द्रवरूप वायू उणे १६२ अंशांवर साठवला होता आणि टाकीच्या ३.५ टक्के निकेलच्या पोलादाला त्या थंडीत चिवटपणा राहिला नाही. आज अशा टाक्यांना ९ टक्के निकेलचे पोलाद वापरतात.

वेल्डचा दोष कसा काम करतो हे पाहायचे असेल, तर दुसरी दोन उदाहरणे अभ्यासावीत. पहिले उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रूनोचे. ९ सप्टेंबर २०१० रोजी तिथे ३० इंची गॅस पाइपलाइन फुटली, ८ माणसे गेली आणि ३८ घरे नष्ट झाली. तो भाग १९५६ साली टाकलेला होता. त्यात जोडलेल्या आखूड तुकड्यांची लांब शिवण फक्त बाहेरून घातलेली होती, आतून वेल्डच नव्हता, आणि जाडीचा बराचसा भाग न वितळता तसाच राहिला होता. त्या दिवशी दाब सुमारे ३८६ पीएसआय होता, म्हणजे ४०० च्या मंजूर मर्यादेच्या आतच होता. ५४ वर्षे तो दोष जमिनीखाली होता, आणि त्या भागाची सुरुवातीला पाण्याच्या दाबाने चाचणी झाली असती तर तो बहुधा तेव्हाच उघड झाला असता.

दुसरे उदाहरण इलिनॉयमधल्या रोमिओव्हिलचे आहे. २३ जुलै १९८४ रोजी तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला एक स्तंभ फुटला आणि १७ माणसे दगावली. १९७४ साली त्या स्तंभाचे एक कडे जागेवरच बदलले होते. नवा जोड घातल्यानंतर ताण काढण्यासाठीचा उष्मोपचार केला गेला नाही, त्यामुळे जोडाच्या कडेचा पट्टा कडक राहिला. आतल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड होता. त्यातला हायड्रोजन त्या कडक पट्ट्यात शिरत गेला आणि तडे वाढत गेले. दुरुस्तीचा जोड मूळ जोडापेक्षा अधिक जपावा लागतो, असे मी म्हणते ते याच कारणाने.

नरडाणा_रोड
इंच-डायाबद्दल ताईंनी लिहिले ते मी मान्य करतो. दर ठरवताना स्वच्छतेचा वेळ धरला जात नाही, हे खरे आहे. पण मग सगळ्यांनीच तो धरला पाहिजे, नाहीतर जो धरतो त्याची निविदा वर जाते. हायड्रोजनचा विषय निघालाच आहे, तर माझा एक प्रश्न आहे. ६०१० रॉड तर आम्ही कधीच भाजत नाही. त्यात हायड्रोजन नसतो का?

दीपनगरी
नरडाणा, तुमचा प्रश्न मोलाचा आहे. ६०१० च्या लेपनात सेल्युलोज असते आणि त्याच्या आर्कचा जोर त्या लेपनातल्या ओलाव्यावरच अवलंबून असतो. म्हणून तो रॉड भाजायचा नसतो. भाजला तर उलट छिद्रे येतात. मात्र त्यातून निघणारा हायड्रोजन भरपूर असतो. एच-४ प्रतीच्या कमी हायड्रोजनच्या रॉडमध्ये १०० ग्रॅम वेल्ड धातूमागे ४ मिलिलिटरची मर्यादा असते, आणि सेल्युलोजच्या रॉडमध्ये हा आकडा ३० च्या वर जातो. मग पाइप तडकत का नाही? कारण पाइप पातळ असतो, पोलादात कार्बन कमी असतो, आणि रूट घातल्यावर लगेच, तो गरम असतानाच, हॉट पास, म्हणजे दुसरा थर, चढवला जातो. त्या उष्णतेने हायड्रोजन बाहेर निघून जातो. रूट घालून वेल्डर जेवायला गेला आणि पाऊण तासाने परत आला, तर हे गणित मोडते.

हायड्रोजनचा तडा यायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: हायड्रोजन, कडक झालेला धातू आणि ओढणारा ताण. तिन्हींपैकी एक काढून घेतली तरी तडा टळतो. जाड प्लेटला प्रीहीट देतो, म्हणजे वेल्डआधी तापवून घेतो, ते थंड होण्याचा वेग कमी करण्यासाठी, म्हणजे धातू कडक होऊ नये आणि हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून. हा तडा वेल्ड थंड झाल्यानंतर, कधीकधी दुसऱ्या दिवशी येतो. त्यामुळे जाड किंवा अधिक ताकदीच्या पोलादाची तपासणी ४८ तास थांबून करावी असे सांगितले जाते. संध्याकाळी जोड घालून रात्रीच फिल्म काढली, तर उद्या येणारा तडा तिच्यात कसा दिसणार?

प्रीहीटबद्दल आणखी एक सांगतो, कारण पावसाळ्यात याच ठिकाणी फसगत होते. गॅसची ज्योत थंड प्लेटवर धरली की कडेला पाण्याचा ओला पट्टा उमटतो. पुष्कळ जण समजतात की लोखंडातले पाणी बाहेर आले, आणि तो पट्टा पुसून वेल्ड सुरू करतात. ते पाणी लोखंडातले नसते. ज्योतीच्या जळण्यातून तयार झालेली वाफ थंड प्लेटवर साचलेली असते. तो पट्टा पूर्ण नाहीसा होऊन प्लेट हवी तितकी तापेपर्यंत ज्योत फिरवत राहावी आणि टेम्पिल स्टिकने, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने, तापमान पाहावे.

सातपुडा_घाट
चैत्र-वैशाखात तर आपल्याकडे हवा कोरडी असते आणि पारा ४५ च्या पुढे जातो. मग उन्हाळ्यात दोष नसायलाच पाहिजेत.

तापीतीर
उन्हाळ्यात ओलावा नसतो, पण वारा असतो. ज्या पद्धतीत संरक्षक वायू बाहेरून सोडतात, म्हणजे टिग किंवा सीओटू, तिथे ताशी ८ किलोमीटरच्या वर वारा गेला की वायूचे आवरण विस्कटते आणि हवेतला नायट्रोजन व ऑक्सिजन वितळलेल्या धातूत शिरतात. दुपारच्या झळांचा वारा याहून सहज जास्त असतो. तंबू हवाच. शिवाय पहाटे आणि दुपारी पाइपच्या लांबीत फरक पडतो, त्यामुळे लांब लाइनचा शेवटचा जोड कोणत्या वेळी घ्यायचा हेही ठरवावे लागते.

पांझरा
चालू लाइनचा भाग कापून नवा तुकडा जोडताना अजून एक अडचण येते, ती इथे कोणी लिहिली नाही. लाइनच्या आतून तपासणीचे चुंबकीय यंत्र फिरवलेले असेल, तर पाइपमध्ये चुंबकत्व शिल्लक राहते. मग आर्क एका बाजूला ओढला जातो आणि दुसरी कड वितळतच नाही. तिथे वेल्डरला बोल लावून उपयोग नसतो. पाइपभोवती केबलचे वेढे देऊन ते चुंबकत्व आधी घालवावे लागते. तसेच, बेव्हलच्या बाहेर पाइपच्या अंगावर रॉड घासून आर्क पेटवण्याची सवय मोडली पाहिजे. त्या ठिपक्याखाली कडक धातूचा बारीक डाग राहतो आणि तडा तिथून सुरू होऊ शकतो.

गिरणाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत जुन्या फिल्म काढून तापीतीर ताईंनी सांगितल्याप्रमाणे एकेक पाहिल्या. स्पूलमधल्या छिद्रांचे पुंजके जवळपास सगळे रॉडच्या सुरुवातीच्या जागी आहेत. रॉडचा मोठा ओव्हन चालू होता, परंतु तो स्टोअरमध्ये होता, आणि वेल्डरजवळ ठेवायचे छोटे ओव्हन विजेच्या जोडणीअभावी थंड पडलेले होते. टाकीच्या फ्लक्सची पोती पत्र्याच्या भिंतीला टेकून ठेवलेली होती. हे सगळे फोटोंसह मालकांसमोर मांडले. छोट्या ओव्हनना वीज मिळाली, फ्लक्स भाजायला सुरुवात झाली आणि रॉड देण्याची-घेण्याची वेळ वहीत लिहिली जाऊ लागली. छिद्रे लक्षात येण्याइतकी कमी झाली. मजुरी कापण्याचा विषयही थांबला आहे. परंतु रूट न जुळण्याचा दोष तसाच आहे, आणि तो बहुतेक वेळा पाइपच्या खालच्या बाजूला, घड्याळातल्या पाच ते सातच्या दरम्यान येतो. याचे कारण काय असावे?

नरडाणा_रोड
खालची बाजू म्हणजे ओव्हरहेड, डोक्यावर हात धरून घालायचा वेल्ड. हाताचा प्रश्न असू शकतो, हे मी पुन्हा म्हणतो.

दीपनगरी
हाताचा प्रश्न असू शकतो, पण तो एकाच वेल्डरच्या जॉइंटमध्ये दिसला असता. गिरणाकाठ भाऊ, दोष सगळ्यांच्या जॉइंटमध्ये येत आहे का ते आधी पाहा. तसे असेल तर फिट-अपकडे, म्हणजे वेल्डआधी पाइप जुळवून बसवण्याकडे, या. फिटर वरच्या बाजूने गॅप मोजतो, चार टॅक, म्हणजे पाइप धरून ठेवणारे छोटे वेल्ड, मारतो आणि निघून जातो. पहिला टॅक आकुंचन पावला की समोरची बाजू उघडते किंवा मिटते, आणि जमिनीकडच्या बाजूचा गॅप कोणी वाकून मोजत नाही. तुमच्या पद्धतपत्रकात गॅप किती लिहिला आहे ते पाहा. साधारण अडीच ते तीन मिलिमीटर असावा. सगळे टॅक मारून झाल्यावर बारा, तीन, सहा आणि नऊ या चारही जागी तो पुन्हा मोजा. दोन्ही पाइपच्या आतल्या कडा वर-खाली तर नाहीत ना, हेही तिथेच हाय-लो गेजने पाहा.

दुसरी गोष्ट टॅकची. टॅकची दोन्ही टोके ग्राइंडरने उतरती केलेली नसतील, तर रूटचा रॉड त्या जाड टोकावर थंड पडतो आणि जुळत नाही. तुमचा एक टॅक नेमका सहाच्या जागी येत असेल, तर तो तिथून हलवून साडेचारला किंवा साडेसातला घ्या. हे करून झाल्यावर पुढच्या काही जॉइंटच्या फिल्मचे आणि रूट घालण्याआधीच्या टॅकचे फोटो इथे टाका, म्हणजे पांझरा आणि तापीतीर यांनाही पाहता येतील.

पांझरा
फोटो टाकताना फिल्मवरची शून्याची खूण पाइपवर कुठे ठेवली होती आणि अंक कोणत्या दिशेने वाढत गेले, तेही लिहा. त्याशिवाय पाच कुठले आणि सात कुठले हे आम्हाला सांगता येणार नाही.